बिट्टीची दाढ आणि २६,५०० रुपयांचा कागद

कागदावर सर्वांत खाली २६,५०० रुपये हा आकडा होता आणि त्याच्या वर सहा ओळींत त्याची फोड केलेली होती: रक्ततपासणी २,२००, तोंडातले एक्स-रे ३,५००, भूल, सलाईन आणि देखरेख ६,०००, दातांची सफाई व पॉलिशिंग ४,५००, दात काढणे ९,००० आणि औषधे १,३००. आमच्या बिट्टी या कुत्रीच्या वरच्या जबड्यातील एक मोठी दाढ मुळाशी सडली होती, पुढचे दोन दात हलत होते आणि बाकीच्या दातांवर किटणाचा जाड थर बसलेला होता. या सगळ्याच्या उपचाराचा तो अंदाज होता. आमच्या घरात दोन पगार येतात, परंतु घराचा हप्ता, मुलाची शिकवणी आणि सासूबाईंची औषधे यांतून एवढी रक्कम एका महिन्यात बाजूला काढणे सोपे नाही. कुत्रा पाळणाऱ्या पुष्कळ घरांत हीच स्थिती असते, आणि म्हणून या खर्चातील कोणता भाग कमी करता येतो आणि कोणत्या भागाला हात लावू नये, हे मला जसे समजत गेले तसे सविस्तर लिहीत आहे.

बिट्टी ही पांढरी स्पिट्झ, आपल्याकडे जिला सरसकट पॉम म्हणतात ती. आमच्या नागपुरातील मानेवाड्यातील एक परिचित कुटुंब पुण्याला राहावयास गेले, तेथील भाड्याच्या घरात कुत्रा ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून सातव्या वर्षी ती आमच्याकडे प्रतापनगरला आली. पहिल्या घरी तिचे लाड भरपूर झाले होते. रविवारी सावजी मटणाचा बेत असला की रस्सा धुऊन काढलेली नळी तिच्या वाट्याला येत असे आणि एरवी दूध-पोळी. आली तेव्हाच तिच्या तोंडाला वास येत होता आणि मागचे दात तपकिरी दिसत होते. लहान चणीच्या कुत्र्यांत हिरड्यांचा आजार अधिक आढळतो, कारण मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात त्यांच्या छोट्याशा जबड्यात दाटीवाटीने बसलेले असतात आणि मधल्या फटींत अन्न व जंतू साचून राहतात. दुखणे लपविण्याची कुत्र्यांची सवय मात्र चणीप्रमाणे बदलत नाही. दाढ सडलेली असतानाही बिट्टी दोन्ही वेळा पूर्ण जेवत होती, फाटक वाजले की धावत जात होती. सासूबाईंनी तिला रोज सकाळी पोळीचा कडक पापुद्रा देण्याचा परिपाठ ठेवला होता, त्यांच्याच लक्षात आले. "ही उजव्या बाजूनं चावूनच नाही राहिली, पाय बरं," असे त्या मला म्हणाल्या, आणि नीट पाहिले तेव्हा दिसले की ती तुकडा तोंडात घेऊन मान डावीकडे वाकवते आणि पुष्कळदा तो खाली पाडून चाटून मऊ करते.

त्यानंतर उजव्या डोळ्याखाली सूज आली. ज्या दवाखान्यात आम्ही तिला प्रथम दाखविले तेथे डोळ्यात घालण्याचे थेंब आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरली, काही आठवड्यांनी पुन्हा आली, पुन्हा गोळ्या झाल्या, पुन्हा उतरली. प्रत्येक खेपेला तपासणी आणि औषधे मिळून हजाराच्या आसपास रुपये जात होते, आणि तोंड उघडून दाढ कोणीही पाहिली नव्हती. या ठिकाणी थोडे शरीरशास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण ते माहीत असते तर कोणाचेही पैसे वाचतील. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही त्याच्या तोंडातील मोठ्या दातांपैकी एक असून तिला तीन मुळे असतात, आणि त्या मुळांची टोके डोळ्याच्या अगदी खालच्या हाडात असतात. हाड, शिंग किंवा दगड यांसारखी कठीण वस्तू चावताना याच दाढेचा बाहेरचा कपचा उडतो, आतला गर उघडा पडतो, जंतू मुळापर्यंत पोहोचतात आणि तेथे पू होतो. बाहेरून दिसते ती डोळ्याखालची सूज. गर मेलेल्या दातात रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारे औषध दाताच्या आत पोहोचत नाही. गोळ्यांनी आजूबाजूचा संसर्ग दबतो, त्याचे घर मात्र तसेच राहते. म्हणूनच कुत्र्याच्या डोळ्याखाली पुन्हा पुन्हा सूज येत असेल तर डॉक्टरांना दाढ पाहण्याची विनंती स्वतःहून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसऱ्या दवाखान्यातील तरुण डॉक्टर मॅडमनी ओठ वर उचलला आणि क्षणात दाढेची भेग दाखविली. अंदाजाचा कागद त्यांनीच दिला. तो घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी शेजारचे काका आले होते. त्यांनी आकडा ऐकला आणि अगदी मनापासून विचारले, "काहून एवढा खर्च करता जी? माणसाचे दात साफ करायला दीड-दोन हजार लागते." त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माणूस खुर्चीवर तोंड उघडून बसतो, डॉक्टर सांगतील तशी मान वळवितो आणि दुखले तर हात वर करतो. कुत्र्याच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसल्यामुळे सफाईसाठीसुद्धा पूर्ण भूल द्यावी लागते, घशात नळी घालावी लागते, म्हणजे अवजारातून उडणारे पाणी आणि सुटलेली घाण श्वासनलिकेत उतरत नाही, आणि संपूर्ण वेळ हृदयाचे ठोके, श्वास, रक्तातील प्राणवायू व शरीराचे तापमान यांवर कोणालातरी लक्ष ठेवून बसावे लागते. त्या २६,५०० मधले रक्ततपासणी आणि भुलीचे मिळून ८,२०० रुपये दातांचे नव्हतेच. ते बिट्टी सुखरूप जागी व्हावी यासाठी होते. काकांना मी एवढेच सांगितले आणि त्यांनाही ते पटले.

भूल न देता सफाई करून देणारी माणसे आता घरी येतात. कुत्र्यांचे केस कापणारे काही जण हजार रुपयांत दात खरवडून देतो असे सांगतात आणि नंतर दात खरोखर पांढरे दिसतातही. परंतु दिसणारा भाग हा या आजाराचा लहानसा भाग आहे. दातांवर जंतूंचा मऊ थर रोज बसतो, लाळेतील क्षारांमुळे तो दोन-तीन दिवसांत टणक होऊ लागतो, त्याचे किटण बनते, आणि जेव्हा हा थर हिरडीच्या खाली सरकतो तेव्हा दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागते. हिरडी नुसती लाल झाली आहे तोवर सफाईने ती पूर्ववत होते. हाड एकदा झिजले की ते परत भरून येत नाही. हिरडीखालची ही जागा जाग्या कुत्र्यात साफ करता येत नाही, आणि वरून खरवडल्याने दाताचा पृष्ठभाग खडबडीत होऊन त्यावर किटण अधिक लवकर धरते, ते वेगळेच. अमेरिकेतील पशुदंतवैद्यकांच्या संस्थेनेही भूल न देता केलेल्या सफाईला स्पष्ट विरोध नोंदविलेला आहे. आपल्याकडे तर १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाव्यतिरिक्त कोणालाही जनावरांवर उपचार करण्याचा व्यवसाय करता येत नाही. पैसे वाचविण्याच्या हेतूने ते हजार रुपये वाया घालविण्याचा हा मार्ग आहे.

स्वस्त पर्याय आम्ही पाहिलेच नाहीत असे नाही. शहरातील निरनिराळ्या दवाखान्यांना फोन केले. एका ठिकाणी दात काढण्यासह सर्व काही ८,००० रुपयांत करून देण्याची तयारी होती. मी चार गोष्टी विचारल्या: भुलीपूर्वी रक्त तपासणार का, घशात नळी घालणार का, भूल देणारी व्यक्ती आणि दात काढणारी व्यक्ती वेगवेगळ्या असणार का, आणि तोंडाच्या आत प्लेट ठेवून काढावयाचा दातांचा एक्स-रे तेथे निघतो का. एक इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात काम होते, एवढे सगळे लागत नाही, असे उत्तर आले. आठ वर्षांच्या कुत्रीचे मूत्रपिंड आणि यकृत भुलीचे औषध शरीराबाहेर टाकण्यास समर्थ आहेत की नाहीत, हे तपासल्याशिवाय इंजेक्शन देणे मला मान्य होण्यासारखे नव्हते. दोन दवाखान्यांच्या आकड्यांत तिपटीचा फरक असला की आपण स्वस्त आणि महाग असा विचार करतो. वास्तविक ती दोन वेगवेगळी कामे असतात, आणि हे प्रश्न विचारल्याखेरीज तो फरक कळत नाही. दर ठरवून देणारे सरकारी पत्रक खाजगी दवाखान्यांना नसल्यामुळे हे विचारणे मालकालाच करावे लागते.

नागपूरकरांच्या हाताशी असलेली एक मोठी सोय मात्र पुष्कळांना फक्त गाई-म्हशींसाठी आहे असे वाटते. सेमिनरी हिल्सचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे. ते आता २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते, आणि त्याच्या शिक्षण रुग्णालयात कुत्री-मांजरेही पाहिली जातात. शासकीय संस्था असल्याने तेथील शुल्क खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी असते. तेथे जाण्यासाठी सकाळचा पूर्ण वेळ मोकळा ठेवावा लागतो, कारण शेळ्या, वासरे, गावाकडून आणलेली जनावरे आणि शहरातील कुत्री यांची रांग एकत्रच असते. तपासताना विद्यार्थी भोवती उभे असतात. एका विद्यार्थिनीने बिट्टीच्या हिरडीवर अलगद बोट ठेवून कोठे सूज आहे ते आपल्या शिक्षकांना मोठ्याने सांगितले, तेव्हा मला फार समाधान वाटले. बिट्टीचे दुखणे तिच्यानंतर येणाऱ्या कितीतरी कुत्र्यांना उपयोगी पडणार होते. रक्ततपासणी आम्ही तेथेच करून घेतली आणि तो अहवाल खाजगी दवाखान्यातील मॅडमनी कोणतीही खळखळ न करता मान्य केला. अहवाल नुकताच असेल आणि विश्वासार्ह ठिकाणचा असेल तर तीच तपासणी पुन्हा करण्याचे कारण नसते. हे आधी फोनवर विचारून घ्यावे.

यानंतर मी कागद घेऊन मॅडमसमोर बसले आणि प्रत्येक ओळीविषयी विचारले. डॉक्टरांना खर्चाबद्दल विचारण्यात आपल्याकडे फार संकोच असतो. जणू पैशांचा विषय काढला की आपले प्रेम कमी पडले, असे वाटते. परंतु आपल्याला किती रक्कम शक्य आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डॉक्टरही मार्ग सुचवू शकत नाहीत. मी सांगितले की वीस-बावीस हजारांपर्यंत आम्ही जाऊ शकतो, आणि त्यांतील निम्मे पुढच्या महिन्यात देता येतील का. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारलं ते बरं केलं. पुष्कळ लोक काही न बोलता जातात आणि परत येतच नाहीत." हप्ता त्यांनी मान्य केला.

दाढ वाचविण्यासाठी माणसासारखे रूट कॅनल कुत्र्यातही करता येते, पण त्यासाठी खास प्रशिक्षण आणि उपकरणे लागतात, खर्च कितीतरी वाढतो आणि ती सोय आम्हाला शहरात मिळाली नाही. मुळाशी पू झालेली दाढ काढून टाकणे हा पूर्णपणे योग्य उपचार आहे आणि घरात जेवणाऱ्या कुत्र्याचे दाढेवाचून काहीही अडत नाही, हे समजल्यावर तो विषय तेथेच संपला. हाडांची ताकद वाढविणारे म्हणून सुचविले जाणारे पातळ औषध, परदेशी चघळकांड्या, सुगंधी फवारा हे सर्व आम्ही वगळले. सफाई आणि दात काढणे दोन वेगळ्या दिवशी करावे का, असेही मी विचारले होते, कारण तसे केल्यास खर्च विभागला जाईल असे वाटत होते. उत्तर उलट निघाले: भूल दोनदा द्यावी लागली की तिचा खर्चही दोनदा येतो आणि धोकाही, म्हणून प्रकृती चांगली असेल तर सर्व काम एकाच भुलीत करणे स्वस्त पडते.

एक्स-रेच्या ३,५०० रुपयांवर माझी नजर सर्वांत आधी गेली होती आणि नेमकी तीच ओळ सर्वांत उपयोगी ठरली. डाव्या बाजूची तशीच दाढ किटणाने इतकी झाकलेली होती की तीही काढावी लागेल असे धरून अंदाजात रक्कम लावलेली होती. एक्स-रेमध्ये तिच्या तिन्ही मुळांभोवतीचे हाड भक्कम दिसले. किटण काढल्यावर दाढ राहिली, आणि दात काढण्याच्या खर्चातून २,००० रुपये कमी झाले. उजवीकडच्या दाढेच्या मुळांच्या टोकांशी मात्र काळी वर्तुळे होती, म्हणजे तेथील हाड विरघळलेले होते. खालच्या जबड्यातील, वरून स्वच्छ दिसणाऱ्या एका दाढेच्या मुळाशीही थोडे हाड झिजलेले आढळले. लहान कुत्र्याचा खालचा जबडा बारीक असतो आणि तेथे हाड बरेच झिजलेले असेल तर दात काढताना जबडाच मोडण्याचा धोका असतो. हे पाहिल्याशिवाय चिमटा लावणे किती भयंकर ठरू शकते, ते त्या फिल्मकडे पाहताना कळले.

काम जानेवारीत झाले. नागपूरचा उन्हाळा कुत्र्यांना कठीण जातो हे सर्वांना माहीत आहे, पण भुलीच्या बाबतीत थंडीचीही काळजी घ्यावी लागते. भूल दिलेल्या प्राण्याचे तापमान झपाट्याने उतरते, सफाईच्या अवजाराच्या पाण्याने अंग ओले होते, आणि आठ किलोच्या शरीरातून उष्णता लवकर निघून जाते. तिच्या अंगाखाली गरम गादी होती आणि मी दिलेली शाल पायांभोवती गुंडाळलेली होती. जबड्याची ती बाजू बधिर करण्याचे इंजेक्शनही दिले होते, त्यामुळे मुख्य भूल हलकी ठेवता आली. दाढेचे मधून कापून तीन भाग केले, प्रत्येक मूळ स्वतंत्र काढले, आणि हिरडी विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून घेतली. दाढ मला दाखविली तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूचा निघालेला कपचा नखाएवढा होता. एवढ्या दुखण्यासह ती आमच्या फाटकापर्यंत धावत जात होती, या विचाराने मला रडू आवरले नाही.

बिल साधारण २२,५०० रुपये झाले. संध्याकाळी तिला घरी आणले, रात्री ती झोकांड्या देत होती, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि पातळ वरण खाल्ले, मीठ आणि फोडणी न घातलेले. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असल्यामुळे घरच्या वरणातले तसेच वाढता येत नाही. वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी लिहिलेलेच दिले. घरातील आयबुप्रोफेन किंवा तत्सम गोळी कुत्र्याला देऊ नये, त्याने पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सूज परत आली नाही. पंधरा-वीस दिवसांनी जखम भरली तेव्हा तोंडाचा वास गेलेला होता, आणि सासूबाईंच्या पोळीचा पापुद्रा ती दोन्ही बाजूंनी चावू लागली.

पाळीव प्राण्यांचा विमा आता भारतात मिळतो आणि पुष्कळांना तो या खर्चावरचा उपाय वाटतो. घेण्यापूर्वी दातांविषयीचे कलम शब्दशः वाचावे. नेहमीची सफाई बहुधा वगळलेली असते आणि विमा घेण्याआधीपासून असलेला आजारही.

या खर्चाला खरोखर आळा घालणारी वस्तू म्हणजे लहान मुलांचा मऊ ब्रश. जखम भरल्यावर मी रोज रात्री जेवणानंतर बिट्टीचे दात घासते. सुरुवात बोटाला मलमलचे फडके गुंडाळून फक्त ओठ उचलण्यापासून केली, मग पुढचे दात, मग मागचे. आतली बाजू घासण्याचा आटापिटा करावा लागत नाही, किटण मुख्यतः गालाकडच्या बाजूला धरते. टूथपेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. आपली पेस्ट ती थुंकू शकत नाही, आणि काही पेस्टमध्ये असलेले झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरविते. रोज जमले नाही तर एका दिवसाआड तरी व्हावे, कारण थर टणक होण्याआधी तो पुसला गेला पाहिजे. नळी तर पूर्ण बंद केली आहे. चघळायला काय द्यावे यासाठी डॉक्टर मॅडमनी सोपी कसोटी सांगितली: अंगठ्याचे नख दाबल्यावर ज्यात थोडेही रुतत नाही ती वस्तू दातांसाठी कठीण समजावी. या कसोटीवर हाड, शिंग आणि बाजारात मिळणारे वाळलेले खूर हे सगळेच नापास होतात.

खालच्या जबड्यातील ती झिजलेली दाढ अजून तोंडात आहे. हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजून नोंदवून ठेवली आहे; निरोगी कुत्र्यात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते, आणि बिट्टीची तेथे ४ आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भूल देऊन सफाई आणि एक्स-रे करावयाचे आहेत आणि त्या वेळी ही दाढ ठेवावयाची की काढावयाची हे ठरेल. त्यासाठी बँकेत दरमहा १,००० रुपयांची आवर्ती ठेव फेब्रुवारीपासून सुरू केली आहे, आणि सासूबाईंनी तिच्यात आपल्या पेन्शनमधून २०० रुपये घालण्याचे ठरविले आहे.